कमान इतक्यात उतरवू नका : नाशिकमधल्या दौडींच्या संयोजकांना खुलं पत्र

नाशिक शहरात सामाजिक कामासाठी दौड भरवणाऱ्या सर्व संस्थांना, विश्वस्त मंडळांना आणि त्यांच्या स्वयंसेवकांना,



हे पत्र मी एका घराच्या वतीने लिहिते आहे. घरात आम्ही पाच जण. सासूबाई, आम्ही नवरा-बायको, दहावीतला मुलगा आणि चौथीतली मुलगी. आमच्यात धावपटू एकही नाही. तरी थंडी पडायला लागली की आपल्या दौडींच्या तारखांकडे आमचं लक्ष असतं. मुलाचे क्लास, ह्यांची शिफ्ट, सासूबाईंचं भजनी मंडळ, माझी नोकरी. रविवारीसुद्धा पाचही जण एका वेळी घरात सापडत नाहीत. पाचही माणसांनी एकाच सकाळी, एकाच कामासाठी, सोबतीने बाहेर पडायचं असे प्रसंग आता लग्नकार्य आणि देवदर्शन सोडलं तर उरलेत कुठे? आपली दौड हा तसा एक प्रसंग आहे. त्याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे, आणि त्याच हक्काने काही मागते आहे.

हे शहर धावायला लागलं त्याचं श्रेय आपलंच. २००३ मध्ये नाशिक रन सुरू झाली. सातपूरच्या कारखानदारीतून, बॉशसारख्या कंपन्यांच्या पाठबळावर ती उभी राहिली, तिचा स्वतंत्र धर्मादाय न्यास झाला, आणि जानेवारीतल्या एका सकाळी महात्मानगरच्या मैदानाकडे जाणारे रस्ते एकाच रंगाच्या टी-शर्टांनी भरून जाऊ लागले. मुंबई मॅरेथॉन आजच्या रूपात आली २००४ मध्ये. म्हणजे आपली नाशिक रन तिच्याहून वर्षभराने थोरली. नंतर मविप्र या शिक्षणसंस्थेची मॅरेथॉन आली, पोलिसांची आली, वेगवेगळ्या क्लबांच्या आणि मंडळांच्या छोट्या-मोठ्या दौडी आल्या. गोल्फ क्लबच्या, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाच्या ट्रॅकवर पहाटे किती माणसं असतात ते आपण पाहताच. त्यातल्या कितीतरी जणांनी पहिल्यांदा बूट बांधले ते अशाच एखाद्या दौडीच्या निमित्ताने.

आता मागणं सांगते. त्यासाठी शहरातल्याच एका दौडीतला अनुभव सांगायला हवा. दौड कोणती हे महत्त्वाचं नाही, कारण यात कोणाचा वाईट हेतू नव्हता आणि असं कुठेही घडू शकतं.

त्या दौडीचा निधी कृत्रिम पायांसाठी होता. आदल्या संध्याकाळी आम्ही टी-शर्ट आणले. सासूबाईंनी तो साडीवरूनच घातला, त्यावर स्वेटर, डोक्याला कानटोपी आणि पायात नातवाचे जुने कॅनव्हासचे बूट. निफाडला पारा घसरल्याच्या बातम्या रोज पेपरात येत होत्या आणि शहरातही पहाटे बोटं वळत नव्हती. मुलीने प्रत्येकाच्या छातीवर नंबर लावला, चार कोपऱ्यांना चार सेफ्टी पिना. आजीच्या स्वेटरच्या विणीत एक पिन अडकली. टाका उसवू नये म्हणून तिने ती दाताखाली जीभ धरून, अगदी सावकाश सोडवली. तो कागदी नंबर त्या दोघींनाही किती मोलाचा वाटत होता ते मला तेव्हा कळलं.

मैदानावर झुंबा झाला, पाहुणे आले, भाषणं झाली, झेंडा हलला. मुलगा पुढे पळाला, चौकात थांबला, परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. मग तो आजीच्या डाव्या बाजूने चालायला लागला, कारण तिचा डावा गुडघा दुखतो हे त्याला माहीत आहे. रस्त्यात सासूबाईंनी एका घराच्या कुंपणावरच्या गोकर्णाचं बी मागून घेतलं, दोन ओळखीच्या बायकांची चौकशी केली, माझ्याकडे कधी न काढलेल्या त्यांच्या शाळेच्या आठवणी नातीला सांगितल्या. पाण्याच्या टेबलापाशी पोचलो तेव्हा टेबल मिटून टेम्पोत चढत होतं. एका स्वयंसेवक मुलीने धावत येऊन स्वतःची बाटली सासूबाईंना दिली. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

शेवटच्या वळणावर मुलीने आजीचा हात सोडला आणि कमान गाठायला धूम ठोकली. आणि मध्येच थबकली. हवेच्या कमानीचा पंखा बंद झाला होता. कमान एका बाजूने खाली बसत होती आणि दोन माणसं तिची घडी घालायला उभी होती. पदकांच्या खोक्यावर चिकटपट्टी लागली होती. “संपलं आजी, पुढच्या वर्षी जरा लवकर या,” कोणीतरी म्हणालं. त्याचा दिवस पहाटे तीनला सुरू झाला असणार, त्याला मी बोल लावत नाही. सासूबाईंनीही ते मनावर घेतलं नाही. मुलीने घेतलं. परतताना रिक्षात तिने विचारलं, “ज्यांना नवीन पाय बसवणार ती माणसं दौडीत आली, तर तीपण आपल्याच वेळेला पोचतील ना?”

मंडळी, मला एवढंच म्हणायचं आहे. आपण दौड भरवता ती मागे राहिलेल्या माणसासाठी. ज्याला चालता येत नाही, दिसत नाही, ज्याला आईबाप नाहीत, ज्याच्या पाड्यावर पाणी नाही, त्याच्यासाठी. मग त्याच दौडीत मागे राहिलेल्या माणसाची वाट पाहणं हे दौडीच्या कामातच धरायला हवं. वेळ उरला तर करायची ती गोष्ट नाही. आणि कुटुंब म्हणून दौडीत उतरायचं म्हटलं की मागे राहणं ओघानेच येतं. कुटुंबाचा वेग म्हणजे त्यातल्या सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याचा वेग. सहा वर्षांचं पोर, सातव्या महिन्याची गरोदर बाई, व्हीलचेअरवरचा भाऊ, गुडघे धरलेले आजोबा. यांना घरी ठेवून आलो तर ती कुटुंबाची दौड होत नाही. सोबत आणलं तर आम्ही शेवटचे येणार, हे ठरलेलं आहे.

हे आपल्या मुलखाला नवीन नाही. ज्या पौषात आपल्या दौडी असतात, त्याच पौषात वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. त्या आठवड्यात त्र्यंबक रस्त्यावर दिंड्यांची रीघ लागते. सिन्नरकडून, निफाडकडून, नगर जिल्ह्यातून माणसं पायी येतात, कडाक्याच्या थंडीत, घरंच्या घरं. पुढे पताका, मध्ये वीणेकरी, बायकांच्या डोक्यावर तुळस, आणि सगळ्यांत मागे सामानाचा टेम्पो किंवा ट्रॅक्टर. ज्याचे पाय बोलायला लागतात तो त्यात बसतो, दम खातो, पुन्हा उतरून चालतो. त्याला कोणी बाद ठरवत नाही. वाटेवरच्या गावांत आणि शहरातल्या पेठांत चहा-फराळ तयार असतो, तो पहिल्या माणसाला मिळतो तसाच शेवटच्यालाही मिळतो. श्रावणात ब्रह्मगिरीच्या फेरीलाही हेच. माझ्या सासूबाई लग्नानंतर पहिल्यांदा त्या फेरीला गेल्या तेव्हा त्यांच्या सासूबाई सोबत होत्या. तीन पिढ्यांनी एकत्र पायी जाण्याची रीत या भागात आधीपासून आहे. आपली दौड तिच्यावरच उभी राहू शकते. त्यासाठी परदेशातलं काही आणायची गरज नाही.

परदेशातलं एक मात्र घेण्यासारखं आहे, आणि तेही दिंडीच्याच जवळचं. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ रोजी तेरा जण पाच किलोमीटर धावले. त्यातून पार्करन नावाची चळवळ उभी राहिली. दर शनिवारी सकाळी, पैसे न घेता, आता कितीतरी देशांत ती चालते. तिथे एक नेम आहे. प्रत्येक दौडीत एक स्वयंसेवक सर्वांच्या मागे राहतो आणि सर्वांत शेवटी रेषा ओलांडतो. ते त्याचं नेमून दिलेलं काम. त्यामुळे भाग घेणारा कोणीही शेवटचा ठरत नाही, आणि तो स्वयंसेवक येईपर्यंत वेळ नोंदवणारे जागचे हलत नाहीत. याला ना पैसा लागतो ना यंत्र. मनात एक गोष्ट पक्की असावी लागते, की शेवटचा माणूस पोचल्याशिवाय दौड संपली असं म्हणायचं नाही.

आपल्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. रस्ता बंद ठेवण्याची परवानगी ठरावीक वेळेची असते. वाहतूक पोलिसांना चौक मोकळे करून द्यावे लागतात. मंडपवाल्याचं भाडं, कमानवाल्याची पुढची ऑर्डर, ॲम्ब्युलन्सचे तास. पण जरा हिशेब मांडून बघा. सासूबाईंसारखं माणूस तासाला तीन किलोमीटर चालतं. चार किलोमीटरला ऐंशी मिनिटं लागतात, मध्ये दम खायला थांबलं तर दीड तास. साडेसहाला झेंडा हलला तर आठला ते पोचतं. तोवर रस्ता तसा रिकामाच असतो. पण पाहुण्यांच्या भाषणांनी झेंडा सातच्या पुढे गेला, की गेलेला अर्धा तास कोणाच्या वाट्यातून जातो? पहिल्या आलेल्याच्या नाही. तो वीस मिनिटांत कमानीखाली असतो. तो अर्धा तास शेवटच्यांच्या वाट्यातून जातो. म्हणून माझी विनंती आहे की भाषणं, सत्कार, स्मृतिचिन्हं सगळं दौडीनंतर ठेवा. थंडीत शाळकरी मुलांना अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टवर ताटकळत उभं करून कोणाचाही सत्कार करू नये. आणि पाहुणे शेवटच्या माणसाला पदक घालायला थांबले, तर त्यांचाही खरा मान राहील.

दुसरं मार्गाबद्दल. कुटुंबांसाठी लांबलचक जाऊन-येऊन मार्ग ठेवण्यापेक्षा एक-सव्वा किलोमीटरचा फेरा ठेवा. ज्याला झेपेल त्याने चार मारावेत, ज्याला नाही त्याने एक. आजोबा एका फेऱ्यानंतर बाकावर बसतील आणि नातवंडांचा प्रत्येक फेरा टाळ्या वाजवून मोजतील. पाण्याचं टेबल एकच पुरेल, ॲम्ब्युलन्सही एकच, आणि मोठे रस्ते लवकर मोकळे होतील. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. रस्त्यांच्या कामांमुळे मार्ग तसेही बदलावे लागणार, तेव्हा हा विचार आत्ताच करून टाका. फेऱ्यावरचे गतिरोधक व्हीलचेअरला ओलांडता येतील का, तेवढं मात्र आदल्या दिवशी कोणीतरी स्वतः व्हीलचेअर ढकलत जाऊन पाहा. आणि स्वच्छतागृह. बायका, म्हातारी माणसं आणि लहान मुलं पहाटे पाचला घर सोडून येतात. त्यांच्यासाठी ही सोय कमानीच्या आधी उभी राहायला हवी. कितीतरी घरांतल्या आज्या याच एका कारणाने “तुम्हीच जाऊन या” म्हणतात.

टी-शर्टबद्दल बोलते. तो टी-शर्ट दौडीचा झेंडा आहे हे मला मान्य. मुलांना तो हवाच असतो. पण पाच जणांचं घर दरवर्षी दौडीला गेलं तर काही वर्षांत कपाटाचा एक खण नुसत्या पॉलिस्टरच्या टी-शर्टांनी भरतो. नोंदणीच्या अर्जावर एक चौकट वाढवा : “आमच्याकडे मागचा टी-शर्ट आहे. याचे पैसे कामाला लावा.” किती घरं त्या चौकटीत खूण करतात ते पाहा. मला खात्री आहे की नाशिककर आपल्याला चकित करतील. आणि मुलगी ती खूण स्वतःच्या हाताने करेल. आपल्याला मिळणारी वस्तू नाकारून तिचे पैसे दुसऱ्याला दिले, हा अनुभव नऊ वर्षांच्या मुलीला याहून सोप्या रीतीने कोण देणार?

यातून मी पैशांवर येते, कारण माझं सगळ्यांत कळकळीचं मागणं तिथे आहे. आपल्या संस्था नोंदणीकृत आहेत. हिशेब तपासले जातात, १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे धर्मादाय कार्यालयाकडे जातात. माझा आपल्या प्रामाणिकपणावर विश्वास आहे. पण ताळेबंद चौथीतल्या मुलीला वाचता येत नाही. तिला दिसेल असं काहीतरी मैदानावर हवं. एक मोठा फलक लावा, ठळक अक्षरांत, मराठीत. मागच्या वर्षी इतके रुपये जमले, दौडीचा खर्च इतका झाला, उरले त्यातून अमक्या शाळेला दोन खोल्या, तमक्या पाड्याला विहिरीवर पंप. दौडीचा खर्चही लिहा, लपवू नका. मंडप आणि कमान फुकट येत नाही हे आम्हाला समजतं. आणि ज्यांच्यापर्यंत पैसे पोचले त्यांच्यातलं कोणीतरी त्या फलकाशेजारी उभं असू द्या, मदत घेणारा म्हणून व्यासपीठावर बोलावून नव्हे, दौडीतला माणूस म्हणून, छातीवर आमच्यासारखाच नंबर लावून.

आपल्या जिल्ह्याची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. आपण नाशिककर जे पाणी पितो ते बहुतांशी गंगापूर धरणातलं. त्याचं पाणलोट त्र्यंबकच्या डोंगरांत. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या तालुक्यांत पाऊस धो धो पडतो आणि एप्रिल-मेमध्ये तिथल्याच बायका हंडा घेऊन मैलोन् मैल चालतात. हरसूलजवळच्या शेंद्रीपाड्याच्या बायका तास नदीची खोल घळ लाकडी बल्ल्यांवरून ओलांडून पाणी आणायच्या. ते फोटो छापून आले, गाजले, २०२२ च्या जानेवारीत तिथे लोखंडी पूल बसला आणि त्याच पावसाळ्यात तो वाहून गेला. एकदा मदत पोचवली की काम संपत नाही, हे शिकायला याहून जवळचं उदाहरण नको. आम्ही जानेवारीत हौसेने चार किलोमीटर चालतो. तिथे उन्हाळ्यात हौस नसताना चालावं लागतं, तेही डोक्यावर भार घेऊन.

आणि धावायचं म्हणाल तर नाशिकला धावायला शिकवावं ते त्याच पाड्यांनी. सावरपाड्याची कविता राऊत अनवाणी धावत मोठी झाली. नाशिकला भोसला शाळेच्या मैदानावर विजेंदर सिंग यांच्या हाताखाली तिने सराव केला, आणि २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ जिंकलं. राष्ट्रकुलात धावण्याचं वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिला रौप्य मिळालं. तिच्यानंतर दिंडोरीकडच्या, चांदवडकडच्या मुली त्याच वाटेने आल्या. आपल्या दौडीचा निधी ज्या गावांकडे जातो, त्याच गावांतून देशाला धावपटू मिळतात. आमच्या मुलांना हे कळलं तर ती त्या पाड्यांकडे कीवेने पाहणार नाहीत, आदराने पाहतील. म्हणून म्हणते, दौड झाल्यावर महिन्याभरात एक बस काढा. तिकीट आमच्या खर्चाने. ज्या शाळेला किंवा पाड्याला मदत गेली तिथे पाच-पंचवीस कुटुंबं जाऊन येऊ देत, त्यांच्या सोयीच्या दिवशी, त्यांना विचारून, वाटपाचे फोटो न काढता. जेवण सोबत नेऊ, त्यांच्याबरोबर बसून खाऊ. मुलं मुलांशी खेळतील. कोण जिंकेल ते मला आत्ताच माहीत आहे.

बारामतीच्या मॅरेथॉनमधल्या लता करे आपल्याला आठवत असतील. साठी उलटलेली, मजुरी करणारी बाई, नऊवारी नेसून अनवाणी धावली आणि जिंकली, कारण नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते. त्यांच्यावर पुढे चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं, राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा उल्लेख झाला. तो चित्रपट आम्ही घरी सगळ्यांनी मिळून पाहिला आणि नंतर बराच वेळ कोणाला काही बोलता आलं नाही. मला त्या गोष्टीत एक प्रश्न सतत दिसतो. ज्या घराला गरज आहे ते घर आपल्या दौडीत येऊ शकतं का? पाच जणांचं नोंदणीशुल्क म्हणजे एखाद्या घराचा आठवड्याचा किराणा असतो. भरणारी घरं एका बाजूला आणि घेणारी दुसऱ्या बाजूला, अशी दौड अर्धी राहते. दर दहा कुटुंबांमागे एका कुटुंबाची नोंदणी आम्ही बाकीच्यांनी भरावी, नाव न सांगता. सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांतून, घरकाम करणाऱ्या मावशींच्या घरांतून, सिग्नलवर फुगे विकणाऱ्यांच्या झोपड्यांतून घरं येऊ देत. मैदानावर कोणाचं शुल्क कोणी भरलं हे कोणाला कळायचं कारणच नाही.

स्पर्धेचा मोह मात्र आवरा. कॅनडाचा टेरी फॉक्स अठरा वर्षांचा असताना कर्करोगाने त्याचा उजवा पाय गेला. १९८० मध्ये कृत्रिम पायावर तो १४३ दिवस धावला, ५,३७३ किलोमीटर, संशोधनाला पैसे मिळावेत म्हणून. देशातल्या प्रत्येक माणसाने एक डॉलर द्यावा, एवढंच त्याचं मागणं होतं. आजार फुफ्फुसांत पोचला आणि देश पार होण्याआधीच त्याला थांबावं लागलं. १९८१ मध्ये तो गेला. त्याच वर्षी त्याच्या नावाने दौड सुरू झाली आणि आजही ती जगभर होते. तिथे पहिला नाही, दुसरा नाही, बक्षीस नाही. बाबागाडी ढकलत येणारी आई आणि तिच्या पुढून सुसाट जाणारा तरुण एकाच दौडीत असतात. ज्याची स्वतःची धाव अर्ध्यावर राहिली त्याच्या नावाच्या दौडीत कोणाला हरवायचं, हा विचारच तिथे कोणी करत नाही. आपल्याकडे मोठ्या अंतराच्या स्पर्धा जरूर असाव्यात, गावोगावच्या मुलामुलींना त्यातून बक्षिसांचा आधार मिळतो. पण कुटुंबांच्या फेऱ्यात बक्षीस नको. रडणाऱ्या पोराला मनगटाला धरून ओढत नेणारे बाप मी पाहिले आहेत, आणि ते पोर पुन्हा कधी आपणहून धावायला येईल असं मला वाटत नाही. जाता जाता पालकांनाही सांगते : मुलाच्या पुढे नको, मागे नको, बरोबरीने चाला. त्या तासाभरात मूल तुम्हाला जे सांगेल ते घरी वर्षभर सांगणार नाही. आमच्या दहावीतल्या मुलाने आपल्याला पुढे काय शिकायचं आहे ते पहिल्यांदा सांगितलं ते मला नाही, त्याच्या वडिलांना नाही, आजीला सांगितलं, आणि ते अशाच एका दौडीत.

बाकी गोष्टी आपण मनावर घेतल्यात तर घडतीलच. कागदी पेल्यांपेक्षा स्टीलचे पेले, प्लॅस्टिकच्या बाटल्यांपेक्षा माठ, कानठळ्या बसवणाऱ्या डीजेऐवजी लेझीम आणि ढोल, तेही आसपासच्या घरांतल्या आजाऱ्यांना त्रास होणार नाही अशा बेताने. यावर लांबवत नाही.

येत्या दौडीच्या बैठका दिवाळीनंतर सुरू होतील. त्या बैठकीत आणखी काही ठरलं नाही तरी चार गोष्टी ठरवा. भाषणं शेवटी. मैदानावर हिशेबाचा फलक. टी-शर्ट नको म्हणणाऱ्यांसाठी अर्जावर चौकट. आणि सर्वांच्या मागून चालणारा एक नेमलेला स्वयंसेवक, ज्याने रेषा ओलांडल्याशिवाय कमानीचा पंखा कोणी बंद करणार नाही. या चौथ्या कामासाठी माणूस शोधत बसू नका. माझं आणि माझ्या मुलाचं नाव आत्ताच लिहून घ्या. आम्ही दोघं पहाटे पाचला मैदानावर हजर असू.

आपली,
नाशिकच्या एका पाच जणांच्या घरातली सून